विंडोज ११ टाकल्यावर बाबांची मेल आणि न्यूजग्रुप दोन्ही गेले, परत कसं आणायचं?

सातारची_लेक:
नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहितेय कारण यातलं काय महत्त्वाचं आणि काय नाही ते मलाच कळत नाहीये. बाबा (वय ७६) साताऱ्याला एकटेच असतात, मी नाशिकला. त्यांच्या डेस्कटॉपवर विंडोज १० होतं, त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून ओळखीतल्या एका कॉम्प्युटरवाल्याकडून विंडोज ११ टाकून घेतलं. मशीनला ते चालतंय, त्याबद्दल काही नाही, पण त्याने आहे त्यावर अपग्रेड न करता नवीन कोरं विंडोज टाकलं आणि बाबांचा मेल वाचायचा प्रोग्रॅम, विंडोज लाइव्ह मेल, गेला. चार दिवस झाले. सी ड्राइव्हमध्ये विंडोज.ओल्ड नावाचं फोल्डर मात्र दिसतंय, फॉरमॅट केलेलं नाही असं तो म्हणतो.

त्या लाइव्ह मेलमध्ये त्यांचं जीमेल होतं (भावाने १६ अक्षरी ॲप पासवर्ड काढून जोडून दिलेलं). आणि दुसरा एक जुना पत्ता होता, ज्या प्रोव्हायडरचा होता त्याने मेलची सेवाच कधीची बंद केलीय, पण त्यावरच्या सगळ्या जुन्या मेल तिथेच होत्या. आई २०१९ ला गेली. भाऊ अमेरिकेत शिकत होता तेव्हा, साधारण २००२ ते २००५, आई त्याला आठवड्याला एक मेल लिहायची, त्या त्या सेंट आयटम्समध्ये आहेत. भावाकडच्या केव्हाच गेल्या, त्याचा कॉलेजचा पत्ता होता. म्हणजे आता असतील तर फक्त बाबांच्या मशीनवर.

तिसरं म्हणजे न्यूजग्रुप, एकेका विषयावर इंटरनेटवर चालणाऱ्या सार्वजनिक चर्चा. बाबा रेक.म्युझिक.इंडियन.क्लासिकल वाचायचे, अधूनमधून सॉक.कल्चर.इंडियन.मराठी पण. आधी लाइव्ह मेलमध्ये, नंतर प्रोव्हायडरचा न्यूज सर्व्हर बंद झाल्यावर ब्राउझरमध्ये गुगल ग्रुप्सवर. आता म्हणतात तिथे बरेच दिवस नवीन काही येतच नाही, लोकांनी लिहिणं सोडलं बहुतेक. हे पण अपग्रेडमुळेच झालं का? मला दोन्ही परत सुरू करून द्यायचंय, या शनिवारी साताऱ्याला जातेय.

जुना_मोडेम:
ताई, शनिवारची वाट बघू नका. आजच बाबांना फोन करा आणि सांगा की डिस्क क्लीनअप, जागा मोकळी करा वगैरे जे काही येईल त्याला हात लावू नका. विंडोज.ओल्ड हे जुनं विंडोज आणि त्यातल्या फाइली ठेवणारं तात्पुरतं फोल्डर असतं, अपग्रेडनंतर साधारण १० दिवसांनी विंडोज स्वतःच ते पुसतं, आणि तुमचे चार गेलेत. शेजारचा कोणी कॉलेजचा मुलगा असेल तर त्याला बोलवा आणि पेनड्राइव्हवर कॉपी करून घ्यायला सांगा. नवीन सेटिंग, कुठला प्रोग्रॅम घ्यायचा, हे सगळं नंतर, ते कधीही होतं.

कुठे बघायचं ते सांगतो. फाइल एक्सप्लोररमध्ये वर व्ह्यू, मग शो, मग हिडन आयटम्सवर टिक, कारण ॲपडेटा फोल्डर लपलेलं असतं. मग सी ड्राइव्ह, विंडोज.ओल्ड, युजर्स, बाबांच्या नावाचं फोल्डर, ॲपडेटा, लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज लाइव्ह मेल. मध्ये परवानगी मागेल तर कंटिन्यू म्हणायचं. हे विंडोज लाइव्ह मेल फोल्डर अख्खं उचलायचं, आतलं काही निवडत बसायचं नाही. त्याच्या शेजारीच नुसतं विंडोज लाइव्ह नावाचं दुसरं फोल्डर असेल, पत्त्यांची वही त्यात असते, ते पण घ्या. आत फोल्डरांची नावं कापलेली आणि पुढे दोन-तीन विचित्र अक्षरं अशी दिसतील, घाबरू नका, ते तसंच असतं. प्रत्येक मेलची एक वेगळी फाइल असते, शेवटी .ईएमएल. आईंच्या मेल २००२ च्या म्हणजे तेव्हा आउटलुक एक्सप्रेस (लाइव्ह मेलच्या आधीचा मेलचा प्रोग्रॅम) असणार आणि पुढे कोणीतरी लाइव्ह मेलमध्ये आणल्या असणार, तर त्या स्टोरेज फोल्डर्सच्या आत इम्पोर्टेड फोल्डर असं काही असेल त्यात शोधा.

हे एवढ्या कळकळीने लिहितोय कारण जीमेलचं काही जात नाही, ते गुगलकडे आहे, उद्या लॉगिन केलं की सगळं परत दिसेल. पण जुना पत्ता पॉप पद्धतीचा असणार, त्यात मेल सर्व्हरवरून उतरवून घेतली की सर्व्हरवरची पुसली जायची, तेव्हा सर्व्हरवर जागाच पाच-दहा एमबी मिळायची. म्हणजे तुम्ही म्हणता तसंच, ती एकमेव प्रत आहे.

शाईपेन:
वरचं अगदी बरोबर, आधी कॉपी. एक विचारू का, जीमेल ब्राउझरमध्येच उघडून दिलं तर बाबांना चालणार नाही का? माझ्या सासऱ्यांना तसंच करून दिलंय, कुठलंही विंडोज येवो, काही बिघडत नाही.

सातारची_लेक:
आत्ताच फोनवर बोलले, खालच्या मजल्यावरच्या मुलाने दोन्ही फोल्डर पेनड्राइव्हवर घेतले, ३.८ जीबी झालं! त्याला लगेच दुसऱ्या पेनड्राइव्हवर पण घ्यायला लावलं. जुना_मोडेम दादा, तुमचे खूप खूप आभार, मी खरंच शनिवारपर्यंत थांबणार होते.

@शाईपेन, विचार केला होता, पण बाबांना डावीकडे मेल आणि त्याच्याच खाली न्यूजग्रुप असं एका खिडकीत लागतं, पंधरा वर्षांची सवय आहे. आणि जुन्या मेल ब्राउझरमध्ये कुठे ठेवणार.

डोंगरवाट:
मग थंडरबर्ड. फुकट आहे आणि मेल आणि न्यूजग्रुप दोन्ही एका खिडकीत देणारे प्रोग्रॅम आता फार थोडे उरलेत त्यातलं हे सगळ्यात सोयीचं. विंडोज ११ मध्ये जे नवीन आउटलुक येतं त्यात न्यूजग्रुप नाहीत, ऑफिसबरोबरच्या आउटलुकमध्ये पण नाहीत, तिथे शोधण्यात वेळ घालवू नका.

जीमेल सोपं आहे. नाव आणि पत्ता टाकला की थंडरबर्ड स्वतःच सर्व्हर शोधतं, इमॅप निवडा (यात मेल गुगलकडेच राहते), मग गुगलची लॉगिनची खिडकी येते, तिथे नेहमीचा पासवर्ड आणि मोबाइलवरची परवानगी. तो १६ अक्षरी ॲप पासवर्ड इथे लागत नाही. गुगलने ३० मे २०२२ पासून नुसत्या पासवर्डने बाहेरच्या प्रोग्रॅमना आत घेणं बंद केलं, लाइव्ह मेलला ही नवी पद्धत येत नव्हती म्हणून भावाने ती वाट काढली असणार.

जुन्या मेलसाठी थंडरबर्डच्या ॲड-ऑन्समध्ये इम्पोर्टएक्सपोर्टटूल्स एनजी शोधून टाका. मग डावीकडे लोकल फोल्डर्सखाली "जुनी मेल" असं नवं फोल्डर करा, त्यावर राइट क्लिक, या ॲड-ऑनच्या मेनूतून ईएमएल मेसेज इम्पोर्ट, सबफोल्डर्ससकट. ३.८ जीबी आहे तर वेळ लागेल, चहा करून या. हे पेनड्राइव्हवरून न करता आधी डी ड्राइव्हवर एक प्रत टाकून तिच्यावरून करा, पेनड्राइव्ह तसाच राहू दे.

आता न्यूजग्रुप. बाबांना आधी हे सांगा की लोकांनी लिहिणं सोडलेलं नाही. गुगल ग्रुप्सने २२ फेब्रुवारी २०२४ पासून यूजनेटचं, म्हणजे हे न्यूजग्रुप ज्या जाळ्यावर चालतात त्याचं, नवीन काही घेणं आणि दाखवणं बंद केलं, त्या तारखेच्या आधीचं जुनं शोधून वाचता येतं एवढंच. म्हणजे तुमच्या अपग्रेडचा याच्याशी काही संबंध नाही. ग्रुप कोणा एका कंपनीच्या मालकीचा नसतो, १९७९ मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या दोन विद्यार्थ्यांनी यूजनेटची कल्पना मांडली तेव्हापासून ते असंच आहे, प्रत्येक सर्व्हर आपल्याकडचं शेजारच्या सर्व्हरला देत राहतो. एक खिडकी बंद झाली तर दुसऱ्या सर्व्हरवरून तोच ग्रुप, त्याच नावाने, तीच माणसं.

मी स्वतः इटर्नल सप्टेंबर नावाचा न्यूज सर्व्हर वापरतो. फुकट आहे, फक्त मजकुराचे ग्रुप, नाव नोंदवावं लागतं. नाव मजेशीर आहे पण त्यामागे गोष्ट आहे, पूर्वी दर सप्टेंबरला विद्यापीठांत नवीन मुलं यायची आणि यूजनेटवर रीतभात न कळता गोंधळ घालायची, महिनाभरात शिकायची, १९९३ च्या सप्टेंबरपासून नवीन लोकांचा लोंढा थांबलाच नाही, म्हणून न संपणारा सप्टेंबर.

थंडरबर्डमध्ये अकाउंट सेटिंग्जमध्ये जाऊन न्यूजग्रुप अकाउंट जोडा. सर्व्हर न्यूज डॉट इटर्नल-सप्टेंबर डॉट ओआरजी. मग त्याच्या सर्व्हर सेटिंग्जमध्ये सुरक्षा एसएसएल/टीएलएस करा आणि पोर्ट ५६३ (जुना ११९ असतो, त्यावरून पासवर्ड उघडा जाऊ शकतो). आणि त्याच पानावर सर्व्हरशी जोडताना नेहमी लॉगिन मागावं अशी एक चौकट आहे तिच्यावर टिक करायला विसरू नका. मी विसरलो होतो, तासभर ग्रुपची यादी रिकामी दिसत होती आणि मी पोर्ट बदलत बसलो होतो. मग अकाउंटवर राइट क्लिक, सबस्क्राइब, यादी उतरायला थोडा वेळ जातो, वर शोधायच्या जागी इंडियन टाका म्हणजे दोन्ही ग्रुप सापडतील.

पहिल्यांदा ग्रुप उघडला की ५०० पेक्षा जास्त मेसेज आहेत, किती उतरवू असं विचारेल. बाबांना मागचं वाचायचं असेलच, तर सगळे घ्या, मजकूरच आहे, जड नाही.

दोन गोष्टी अजून. ग्रुपवर लिहिताना खरा मेल पत्ता देऊ नका, तो उघड्यावर राहतो आणि कचरा मेल सुरू होते, पत्त्याच्या शेवटी .इनव्हॅलिड लावतात, ते शेपूट अशाच कामासाठी राखून ठेवलंय. आणि न्यूजग्रुपच्या अकाउंटमध्ये कंपोझिशनमध्ये जाऊन एचटीएमएलची टिक काढा, तिथे साधा मजकूरच पाठवायची रीत आहे. मराठीत देवनागरी लिहिलं तरी चालतं, यूटीएफ-८ मध्ये जातं.

जुना_मोडेम:
डोंगरवाटने उत्तम सांगितलंय. सॉक.कल्चर.इंडियन.मराठी वर पूर्वी सगळं रोमनमध्ये चालायचं, आयट्रान्समध्ये (रोमन अक्षरांत मराठी लिहायची एक पद्धत) कविता टाकायचे लोक, वाचताना कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांचा हिशोब ठेवावा लागायचा. व्हीएसएनएलने १५ ऑगस्ट १९९५ ला इथे इंटरनेट सुरू केलं त्यानंतर मी शेल अकाउंट (नुसत्या मजकुराचं कनेक्शन) घेतलं होतं, काळ्या पडद्यावर पाईन नावाच्या प्रोग्रॅममध्ये मेल. पुण्याबाहेरच्या मराठी माणसांशी मी पहिल्यांदा बोललो ते याच ग्रुपवर. आता पूर्वीसारखी वर्दळ नाही, हे बाबांना आधीच सांगून ठेवा म्हणजे हिरमोड होणार नाही.

सातारची_लेक:
शनिवार झाला, रात्रीचे अकरा वाजलेत, साताऱ्याहूनच लिहितेय. जीमेल पाच मिनिटांत झालं. न्यूजग्रुप पण झाले, ती टिक सांगितली नसती तर मी पण अडकले असते. बाबांनी रेक.म्युझिक.इंडियन.क्लासिकल उघडून फेब्रुवारी २०२४ नंतरचं जे काय होतं ते वरून खाली वाचायला घेतलं, जेवायला दोनदा हाक मारावी लागली.

जुन्या मेल पण आल्या. आईच्या २१४ मेल सापडल्या, जुना_मोडेम दादा म्हणाले तिथेच, इम्पोर्टेड फोल्डरच्या आत. पण उघडल्यावर सगळा इंग्रजी अक्षरांचा काला दिसतोय, कंस, स्वल्पविराम, मध्येच डॉलरचं चिन्ह, एक शब्द लागत नाही. तारखा बरोबर आहेत, भावाचा पत्ता बरोबर आहे. फाइली खराब झाल्यात का? बाबांना अजून दाखवलेलं नाही.

शाईपेन:
खराब नाहीत! हे माझं काम, मी बावीस वर्षं डीटीपी केलंय. तुमच्या आईंनी युनिकोडच्या (आता सगळीकडे चालते त्या अक्षरपद्धतीच्या) आधीचा फॉन्ट वापरलाय, तेव्हा घरोघरी शिवाजी किंवा किरण असायचा, ऑफिसमध्ये असतील तर डीव्हीबी-टीटी सुरेख. त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असायची, आत साठवलेलं इंग्रजीच, वर चेहरा फक्त मराठीचा. फॉन्ट नसला की चेहरा जातो. नवीन विंडोज टाकताना तो फॉन्ट गेला, मजकूर जसाच्या तसा आहे.

कुठला फॉन्ट ते कळायला मेल उघडून कंट्रोल आणि यू दाबा, मेलचा कच्चा मजकूर दिसेल, त्यात फॉन्ट फेस असं लिहून पुढे नाव असेल. नसेल दिसत तर विंडोज.ओल्डच्या आत विंडोज, फॉन्ट्स या फोल्डरमध्ये जाऊन बघा, बाबांनी टाकलेला फॉन्ट बहुतेक तिथे असेल, नसला तर विंडोज.ओल्डमध्येच युजर्स, बाबांच्या नावाचं फोल्डर, ॲपडेटा, लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, फॉन्ट्स इथेही बघा, विंडोज १० मध्ये एकाच युजरसाठी टाकलेले फॉन्ट तिथे जातात. ती .टीटीएफ फाइल बाहेर कॉपी करा, राइट क्लिक करून इन्स्टॉल, थंडरबर्ड बंद करून परत उघडा. व्ह्यूमध्ये मेसेज बॉडी ओरिजिनल एचटीएमएल असू द्या आणि सेटिंग्जमध्ये फॉन्टच्या ॲडव्हान्स्ड खिडकीत मेसेजला दुसरे फॉन्ट वापरू द्यायची टिक असू द्या. एखादी मेल साध्या मजकुराची असेल तर फॉन्टचं नाव तिच्यात नसतं, तिच्यापुरता त्याच खिडकीत लॅटिनसाठी तो फॉन्ट निवडायचा आणि वाचून झालं की परत पहिल्यासारखं.

युनिकोडमध्ये बदलून देणारी कन्व्हर्टर मिळतात, पण जोडाक्षरं आणि रफार चुकतात, तपासायला बसावं लागतं. ते सावकाश करा, आणि मूळ मेल कधीही टाकून देऊ नका. हवं तर मला चार ओळी पाठवा, मी तपासून देते.

सातारची_लेक:
शिवाजी०१ होता. विंडोज.ओल्डमध्येच मिळाला. उघडलेली पहिली मेल १२ जानेवारी २००३ ची, तिळगुळाचं पार्सल पोस्टात टाकलंय आणि पाक जरा कडक झालाय एवढंच आहे त्यात, आणि खाली बाबांना तुझा सर्दीचा आवाज फोनवर कळला असं. बाबांनी चष्मा पुसून परत वाचली, मग म्हणाले पुढची उघड. आता ते स्वतःच एकेक उघडतायत.

शाईपेन ताई, चार ओळी उद्या पाठवते. आणि एक राहिलं, पत्त्यांची वही थंडरबर्डमध्ये आली नाही, त्या दुसऱ्या फोल्डरमध्ये कॉन्टॅक्ट्स.ईडीबी नावाची एक फाइल दिसतेय, ती कशी उघडायची?

डोंगरवाट:
ती थंडरबर्डला थेट वाचता येत नाही. निरसॉफ्टचं लाइव्हकॉन्टॅक्ट्सव्ह्यू नावाचं छोटं फुकट प्रोग्रॅम आहे, त्यात ही फाइल दाखवा, सगळे पत्ते निवडून सीएसव्ही म्हणून सेव्ह करा, मग थंडरबर्डच्या ॲड्रेस बुकमध्ये इम्पोर्ट. कुठला रकाना नाव आणि कुठला मेल हे एकदा जुळवून द्यावं लागेल. आणि निघायच्या आधी थंडरबर्ड बंद करून ॲपडेटा, रोमिंगमधलं थंडरबर्ड फोल्डर पेनड्राइव्हवर घेऊन नाशिकला न्या, त्यात आता मेल, ग्रुप, पत्ते सगळं आहे.