पत्र आलं, महाअधिवेशन भरलं, पक्ष विसर्जित

पारकट्टा (धागाकर्ता)

आधीच सांगतो, इथे काँग्रेस म्हणजे आपली काँग्रेस नव्हे, नाहीतर तिसऱ्या प्रतिसादात गाडी दिल्लीला पोचेल. डाव्या वळणाच्या पक्षांची काही वर्षांनी भरते ती पक्ष-काँग्रेस. मी महाअधिवेशन म्हणतो.

विषय पीकेके, म्हणजे तुर्कस्तानातल्या कुर्दांचा कुर्दिस्तान कामगार पक्ष. ५ ते ७ मे २०२५ ला त्यांचं बारावं महाअधिवेशन उत्तर इराकच्या डोंगरांत भरलं. एकाच वेळी दोन ठिकाणी, मिळून २३२ प्रतिनिधी. १२ तारखेला निवेदन आलं: संघटना विसर्जित, सशस्त्र लढा बंद. ऑगस्ट १९८४ पासूनचं युद्ध, चाळीस हजारांवर बळी, आणि शेवट तीन दिवसांच्या बैठकीत. जिकडेतिकडे "ऐतिहासिक निर्णय".

माझी हरकत "निर्णय" या शब्दाला आहे. निर्णय २७ फेब्रुवारीलाच झाला होता. त्या दिवशी इस्तंबूलच्या एका हॉटेलात पक्षाचा संस्थापक-नेता अब्दुल्ला ओजालान याचं पत्र कुर्दीत आणि तुर्कीत वाचून दाखवलं गेलं. १९९९ पासून इम्राली बेटावर कैदेत असलेला माणूस सांगतो, महाअधिवेशन बोलवा, शस्त्रं ठेवा, पक्ष विसर्जित करा. दोन दिवसांत शस्त्रसंधी, सव्वादोन महिन्यांत महाअधिवेशन. आणि अंमलबजावणी कोणी पाहायची? ठरावच म्हणतो, ओजालाननेच. लग्न ठरलं, पत्रिका छापल्या, आणि मग वऱ्हाडाला विचारायचं की मुलगी पसंत आहे ना!

ही रीत जुनीच. नोव्हेंबर १९७८ मध्ये लिजेजवळच्या फिस गावात वीस-बावीस जणांनी पक्ष काढला, तेव्हा निदान समोरासमोर बसून वाद तरी झाले असतील. पुढे? १९९० च्या चौथ्या महाअधिवेशनात मेहमेत जाहित शेनेर या दियारबकिरच्या तुरुंगातून तावून निघालेल्या कार्यकर्त्याने नेतृत्वावर टीका केली. पुढच्या वर्षी सीरियातल्या कामिश्लीत त्याचा खून झाला. १९९५ च्या पाचव्यात झेंड्यावरचा विळा-हातोडा गेला. १९९९ मध्ये ओजालान पकडला गेला, खटल्यात त्याने शांततेची भाषा केली, आणि जानेवारी २००० च्या सातव्यात तीच भाषा पक्षाची भूमिका झाली. २००२ च्या आठव्यात पक्षाचं नाव कादेक, २००३ मध्ये कोंग्रा-गेल, २००५ मध्ये पुन्हा पीकेके. पाटी बदलली, गल्ल्यावर तोच.

मला या महाअधिवेशनांचा इतिहास एका माणसाच्या चरित्रासारखा वाटतो. कोणाला वेगळं वाटत असेल तर मांडा.

तिरकस

एकमताने आणि टाळ्यांच्या गजरात ना? मग यात परदेशी काय आहे?

डोंगरवाट

पारकट्टा, वऱ्हाडाची उपमा झकास, पण २०१५ तुम्ही सोयीस्कर गाळलंत.

२८ फेब्रुवारी २०१५, इस्तंबूलचा दोल्माबाहचे राजवाडा. एकीकडे सरकारचे उपपंतप्रधान, दुसरीकडे कुर्दांची बाजू मांडणाऱ्या पक्षाचे खासदार सिर्री सुरेय्या ओंदेर. ओंदेर यांनी ओजालानचा निरोप वाचला: वसंतात विशेष महाअधिवेशन बोलवा आणि लढा सोडण्याचा निर्णय घ्या. माणूस तोच, बेट तेच, मागणी जवळपास तीच. भरलं महाअधिवेशन? नाही. जुलैत पुन्हा बंदुका.

त्याच्या आधी २०१३ चा नवरोज, म्हणजे कुर्दांचं नववर्ष. दियारबकिरच्या मैदानात त्याचं पत्र वाचलं गेलं, मे महिन्यात लढवय्ये तुर्कस्तानातून माघारी निघाले, आणि सप्टेंबरात डोंगरावरच्यांनी माघार थांबवली. २००४ मध्ये तर खुद्द ओजालानचा सख्खा भाऊ ओस्मान वेगळी चूल मांडून बाहेर पडला. घरातच ऐकत नव्हते आणि तुम्ही म्हणता एकाचं चरित्र!

महाअधिवेशनाला तुम्ही नुसता शिक्का म्हणा हवं तर. सरकारी कचेरीत काम पडलेल्या माणसाला विचारा, शिक्का ज्याच्या ड्रॉवरमध्ये असतो तो कारकून कधी कधी साहेबापेक्षा भारी असतो. २०१५ ला ड्रॉवर उघडला नाही, २०२५ ला उघडला. का? २०१९ पासून तुर्की सैन्य उत्तर इराकमध्ये ठाणी पेरत गेलं. ड्रोनमुळे दिवसाउजेडी डोंगरात चालणं मुश्कील झालं. डिसेंबर २०२४ मध्ये सीरियाचा सत्ताधीश असद पडला आणि तिथला सगळा पट फिरला. बंदूक घेऊन हिंडणाऱ्याला हे पत्राआधी कळतं. पत्राने त्याला मान खाली न घालता बाहेर पडायची वाट दिली.

पारकट्टा

२०१५ चा मुद्दा बिनतोड आहे, गाळायला नको होतं. पण त्या वेळी आधी हात झटकले ते अंकाराने, म्हणजे तुर्की सरकारने. राष्ट्राध्यक्ष एर्दोआन यांनी दोल्माबाहचेच्या निवेदनाला आपली संमती नसल्याचं सांगितलं. समोरची पार्टीच उठून गेल्यावर कारकुनाने ड्रॉवर उघडला नाही, यात बाणेदारपणा कसला?

आता २०२५ बघा. तेच ओंदेर त्या हॉटेलात होते. पत्र वाचून झाल्यावर त्यांनी ओजालानचं म्हणून आणखी एक वाक्य तोंडी सांगितलं: शस्त्रं ठेवायची आणि पक्ष विसर्जित करायचा, तर लोकशाही राजकारणाला आणि कायद्याच्या चौकटीला मान्यता लागेल. छापील पत्रात ते नाही. म्हणजे सगळ्यात मोलाची अट चिठ्ठीला टाचलेल्या चिटोऱ्यावर! ओंदेर ३ मेला वारले, महाअधिवेशन सुरू व्हायच्या दोन दिवस आधी. आणि कायदा? तेव्हा एका ओळीचाही नव्हता. २३२ जणांना खरंच मोकळीक असती, तर "आधी कायदा दाखवा" म्हणून तिथेच ठिय्या दिला असता.

कोलोनकर

मी राजकारणातला नाही, पण राहतो जर्मनीत. इथे पीकेकेवर १९९३ पासून बंदी आहे, मोर्च्यात ओजालानचा फोटो नाचवला तर पोलीस उचलतात. आमच्या गल्लीत एका कुर्दाचं खाण्याचं दुकान आहे. निवेदन आलं त्या आठवड्यात गेलो तर तो मांसाच्या खांबावरून सुरी फिरवत होता आणि कोपऱ्यातल्या टीव्हीचा आवाज बंद होता. मी आगाऊपणे म्हटलं, अभिनंदन, संपलं एकदाचं. त्याने कमरेला बारीक अशा काचेच्या पेल्यात चहा ओतून पुढे सरकवला आणि विचारलं, "डोंगरावरून खाली उतरलेला पोरगा गावी जाऊ शकतो का?" त्याचा थोरला भाऊ नव्वदच्या दशकात डोंगरावर गेलाय. जिवंत आहे की नाही, तेही घरच्यांना ठाऊक नाही.

तो ओजालानला "अपो" म्हणतो. अब्दुल्लाचं लाडकं रूप, आणि कुर्दीत अपो म्हणजे काका. काकांनी सांगितलं ते ऐकायचं, यात त्याला काही गैर वाटत नाही. प्रतिनिधींनी हात वर केले की नाही, हा प्रश्न त्याच्या डोक्यात आला नव्हता. मी विचारला तर हसला.

मीठभाकर

फक्त पीकेकेलाच का झोडपता? इराकमधला कुर्दिस्तान डेमोक्रॅटिक पक्ष घ्या. १९४६ मध्ये बगदादला पहिलं महाअधिवेशन, अध्यक्षपदी मुल्ला मुस्तफा बारझानी, तेही गैरहजेरीत. १९६४ मध्ये बारझानींनी बगदादशी परस्पर शस्त्रसंधी केली म्हणून पक्षातले शिकलेसवरलेले बिथरले. बारझानींनी काला दिझाला महाअधिवेशन भरवलं आणि सरचिटणीस इब्राहिम अहमद, पुढे त्यांचे जावई झालेले जलाल तालबानी, सगळ्यांना पक्षाबाहेर काढून इराणच्या हद्दीत पिटाळलं. मुल्ला मुस्तफांचे चिरंजीव मसूद १९७९ पासून अध्यक्ष. म्हणजे वारशाचंच राज्य.

पण गंमत अशी की हाकललेल्या तालबानींनी १९७५ मध्ये दुसरा पक्ष काढला आणि २००५ मध्ये ते इराकचे राष्ट्राध्यक्ष झाले. महाअधिवेशनातून बाहेर फेकलेला माणूस संपतोच असं नाही.

पारकट्टा

तालबानी वाचले म्हणून. शेनेर वाचला नाही.

तिरकस

गाडी मीच दिल्लीला नेतो. २९ जानेवारी १९४८ ला गांधींनी मसुदा लिहिला, काँग्रेस विसर्जित करा, लोकसेवक संघ काढा. दुसऱ्या दिवशी ते गेले आणि पक्षाने मसुदा आदराने कपाटात ठेवला. इथे कैदेतल्या माणसाने सांगितलं आणि पक्ष खरंच विसर्जित झाला. आता सांगा, कुठला पक्ष जास्त लोकशाहीवादी?

डोंगरवाट

तिरकस, काँग्रेसच्या हातात तेव्हा अख्ख्या देशाचा कारभार होता, म्हणून कपाट. पीकेकेच्या हातात काय उरलं होतं, ते वर लिहिलंय.

पण पारकट्टा, "आधी कायदा" म्हणून कोणी अडून बसलं नाही, हे पटत नाही. ठरावानंतर काय झालं ते बघा. ११ जुलैला उत्तर इराकमधल्या सुलेमानियाजवळच्या जासना गुहेपाशी तीस बायका-पुरुष रांगेने पायऱ्या उतरले, निवेदन वाचलं, एकेकाने आपली बंदूक आणि काडतुसांचा पट्टा एका मोठ्या कढईत ठेवला आणि कढईला आग लावली. तुर्की सैन्याच्या हातात एकही बंदूक दिली नाही. जागाही बघा: १९२३ मध्ये इंग्रजांच्या बॉम्बफेकीपासून पळालेल्या शेख महमूद या कुर्दी बंडखोर नेत्याने याच गुहेतून कुर्दी वर्तमानपत्र काढलं होतं. आणि तीसच जण! हजारोंमधले तीस. बाकीच्यांची शस्त्रं कायद्यासाठीच तर रोखून धरली होती. ठराव पूर्ण, अमल हप्त्याहप्त्याने. शिक्का मारला, पण कागद सोडला नाही.

कोलोनकर

ते दृश्य दुकानात लागलं होतं, या वेळी आवाजासकट. कढई पेटली तेव्हा तो म्हणाला, "सरपण चांगलं नाही, धूर फार." बाकी काही बोलला नाही.

पारकट्टा

डोंगरवाट, हप्त्यांचं मान्य. तरी माझा एक खडा राहतोच. निवेदनात प्रतिनिधी २३२ असं स्वच्छ छापलंय. ठरावाच्या विरोधात किती, ते नाही. शून्य असेल तर शून्य लिहायचं.

डोंगरवाट

आणि डोक्यावर ड्रोन घिरट्या घालत असताना कुठल्या भूमिगत पक्षाने तो आकडा छापलाय, तेवढं एक उदाहरण द्या. मी वाट बघतो.