शहाणपण की शहाणपणा?

प्रश्न : शाळेच्या वार्षिक अंकासाठी आलेल्या एका लेखाचे शीर्षक ‘मुलांमध्ये शहाणपणा कसा वाढवावा’ असे होते. मुद्रितशोधन करताना मी तेथे ‘शहाणपण’ केले. दोन्ही शब्द एकच आहेत, असे लेखकाचे म्हणणे आहे. कोणाचे ग्राह्य धरावे?

उत्तर : आपला बदल योग्य आहे, मात्र प्रश्न व्याकरणाचा नसून छटेचा आहे. ‘-पण’ लागलेले नाम नपुंसकलिंगी आणि ‘-पणा’ लागलेले पुल्लिंगी, एवढाच काय तो नियम. ‘साधेपणा’, ‘खरेपणा’ यांत वाईट काही नाही. परंतु काही जोड्यांत बोलणाऱ्यांनी वाटणी करून टाकली आहे. मोठेपण मिळते, मोठेपणा मिरवला जातो. त्याचप्रमाणे शहाणपण येते किंवा सुचते, आणि शहाणपणा केला जातो. ‘जास्त शहाणपणा करू नकोस’ हे वाक्य लहानपणी ऐकले नाही असा मराठी माणूस विरळा. ‘शहाणपणाचा निर्णय’ म्हणताना मात्र दोघांचे सामान्यरूप एकच होते आणि भेद पुसला जातो. लेखकाची गफलत बहुधा तेथूनच झाली असावी.

मुळात ‘शहाणा’ हा ‘सज्ञान’ या शब्दापासून आलेला आहे, हिंदीतील ‘सयाना’ही तिथलाच. खुद्द ‘सज्ञान’ मात्र आज कायद्याच्या भाषेत स्थिरावला असून 18 वर्षे पूर्ण होताच तो कोणालाही लागू होतो. ‘शहाणा’ला अशी सवलत नाही. उलट दीडशहाणा, अतिशहाणा असे प्रमाण बिघडल्याचे शब्दच त्याच्याभोवती अधिक आहेत. पेशवाईतील साडेतीन शहाण्यांत सखारामबापू बोकील, देवाजीपंत चोरघडे आणि विठ्ठल सुंदर हे पूर्ण, तर नाना फडणवीस अर्धे धरले जात, कारण मुत्सद्देगिरी असली तरी तलवारीचा हात नव्हता, असे सांगतात. म्हणजे नुसत्या मसलतीला त्या काळी पुरते शहाणपण म्हणत नसत, ही बाब मला तरी महत्त्वाची वाटते.

पुरवणी : वरील उत्तर मान्य आहे, पण ‘वाढवावे’ या क्रियापदाचाही विचार व्हावा. आमच्या वडिलांचे किराणा दुकान होते. एका गिऱ्हाइकाची उधारी बुडाली, तेव्हा त्यांनी वहीतील त्याच्या नावावर तिरकी रेघ ओढली आणि ‘अक्कलखाती’ एवढेच म्हणून पान उलटले. त्यानंतर लग्नसराईतील उधारी देण्यापूर्वी ते घरचा माणूस मध्ये घेत. मी त्याच गल्ल्यावर बसू लागलो तेव्हा मला ती रक्कम बुडवावी लागली नाही; ‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ या म्हणीतील मागचा तो मी. शीर्षकात म्हणूनच ‘मुलांना शहाणपण कसे येते’ असे लिहावे, असे सुचवतो. लेखकाने मजकुरात मुलांच्या हाती खाऊचे पैसे देऊन हिशेब मागण्याची सूचना केली असेल, तर ते शीर्षक त्याला शोभेलही.