मुलाला अठरा पूर्ण झाली आणि सिलेक्टिव्ह सर्व्हिसची नोंदणी: तुमच्या घरी काय झालं?

अमेरिकेत मुलाला अठरा पूर्ण झाली की तीस दिवसांत सिलेक्टिव्ह सर्व्हिसकडे, म्हणजे सक्तीच्या सैन्यभरतीसाठी तरुणांची यादी ठेवणाऱ्या सरकारी खात्याकडे, त्याचं नाव नोंदवावं लागतं. सक्तीची भरती 1973 मध्ये बंद झाली, 1975 मध्ये नोंदणीही थांबली. पण सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्यावर 1980 मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी नोंदणी पुन्हा सुरू केली, ती आजतागायत चालू आहे. डिसेंबर 2025 च्या कायद्यानुसार पुढे सरकार आपल्याकडच्या माहितीवरून ही नावं स्वतःच नोंदवणार आहे. म्हणजे फॉर्मच हातात येणार नाही, आणि मग त्या निमित्ताने घरात होणारं बोलणंही होणार नाही, ही माझी काळजी. कॉलेजच्या अर्जांच्या धांदलीत आधीच ते राहून जातं. तुमच्याकडे काय झालं ते सविस्तर लिहा.

न्यू जर्सी, आई

मुलगा इथेच जन्मलेला. माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, तेव्हा नेमके आमच्याकडे आले होते. सातारा जिल्ह्यातलं आमचं गाव, घराघरातून कुणी ना कुणी फौजेत. मुलगा लॅपटॉपवर नाव, जन्मतारीख, पत्ता, सोशल सिक्युरिटी नंबर भरत होता. आबा शेजारी बसून बघत होते. मध्येच मुलाने विचारलं, "मला लढाईच मान्य नसेल तर ते कुठे लिहायचं?" तशी जागा फॉर्मवर नाही. भरती खरोखर सुरू झाली आणि बोलावणं आलं, तरच तो दावा सिलेक्टिव्ह सर्व्हिसच्या स्थानिक मंडळापुढे मांडता येतो. मला वाटलं आबा रागावतील. ते म्हणाले, "मी माझ्या मर्जीनं गेलो होतो. तुझं तू ठरव, पण ठरव." त्या रात्री दोघं उशिरापर्यंत बोलत बसले होते. मी मुद्दाम मध्ये पडले नाही.

टेक्सास, वडील

व्हिसावाल्यांसाठी लिहितो, कारण यात फार गोंधळ होतो. एच-4 (नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या कुटुंबीयांचा व्हिसा) किंवा विद्यार्थी व्हिसावर कायदेशीर राहणाऱ्या मुलाला नोंदणी लागत नाही. पण सव्विसाव्या वाढदिवसाच्या आत ग्रीन कार्ड हाती पडलं, की लागते. आमच्या थोरल्याचं कार्ड एकविसाव्या वर्षी आलं आणि त्याच महिन्यात नोंदणी केली. माझ्या पुतण्याचा व्हिसा सव्विशीपर्यंत सलग होता, त्याला गरज पडली नाही. जुने व्हिसा आणि आय-94 (देशात आल्याची सरकारी नोंद) मात्र जपून ठेवा, पुढे पुरावा म्हणून तेच लागतात.

कॅलिफोर्निया, पत्नी

माझे मिस्टर पंचविसाव्या वर्षी ग्रीन कार्डवर आले. असं काही असतं हे त्यांना कुणी सांगितलंच नाही, आणि सव्विशी उलटली की नोंदणी करताच येत नाही. तिशीत नागरिकत्वाचा अर्ज भरताना हा प्रश्न समोर आला. सिलेक्टिव्ह सर्व्हिसकडून 'स्टेटस इन्फर्मेशन लेटर' (नोंदणी लागत होती का हे सांगणारं पत्र) मागवलं, आपल्याला माहीत नव्हतं असं प्रतिज्ञापत्र जोडलं. मुलाखतीत सगळा भर एकाच गोष्टीवर होता: जाणूनबुजून टाळलंत का? अर्ज मंजूर झाला, पण त्या काही महिन्यांत घरात कुणाला सुखाचा घास गेला नाही. वय एकतीसच्या पुढे असेल तर सहसा ही अडचण येत नाही. केंद्र सरकारच्या नोकरीत मात्र तेव्हाही विचारणा होते, म्हणून नव्याने येणाऱ्या प्रत्येक तरुणाच्या कानावर हे घाला.

मिशिगन, आजोबा

1969 मध्ये मी इथे विद्यार्थी होतो. व्हिसामुळे मला भीती नव्हती. 1 डिसेंबरला वसतिगृहातली सगळी मुलं टीव्हीपुढे जमली होती. सक्तीच्या भरतीची सोडत होती. काचेच्या भांड्यातून निळ्या कॅप्सूल काढत होते, प्रत्येकीत एक जन्मतारीख. पहिली निघाली 14 सप्टेंबर. माझ्या रूममेटची तारीख सुरुवातीलाच आली. तो उठला, बाहेर गेला आणि बराच वेळ आलाच नाही. पुढे त्या सोडतीत 195 क्रमांकापर्यंत आलेल्या तारखांच्या मुलांना बोलावणी गेली. आज नातवाला लोक सांगतात, "नुसती औपचारिकता आहे, सही कर." मला ते पटत नाही. भरती पुन्हा सुरू करायची तर काँग्रेसला, म्हणजे इथल्या संसदेला, कायदा करावा लागेल हे खरं, पण बोलावणी जातील ती या नोंदणीच्याच यादीतून. आणि पहिली पाळी त्या वर्षी वीस पूर्ण करणाऱ्यांची.

इलिनॉय, जुळ्यांची आई

मुलाने नाव नोंदवलं, मुलीला नोंदवायचं नाही. 1981 मध्ये सुप्रीम कोर्टाने फक्त पुरुषांची नोंदणी वैध ठरवली. मुलगी चिडली, "मग मी काय कमी नागरिक?" मुलगा म्हणाला, "तू नाहीस याचं मला बरं वाटतं." यावर आमच्या घरी अजून एकमत नाही. मला स्वतःला मुलीचं पटतं.

जॉर्जिया, वडील

एक राहिलं. मुलगा हॉस्टेलवर गेला, भाड्याचं घर बदललं, की नवा पत्ता दहा दिवसांत कळवायचा असतो. हे सव्विसाव्या वर्षापर्यंत. आमच्याकडे पोचपावतीचं कार्ड पासपोर्टच्या फाइलमध्येच ठेवलंय.