शब्द गेले, चाल राहिली: तुमच्याही अशा चाली सांगा

(लालबाग)
आई गेली त्याला आता दोन वर्षं होतील. मागच्या महिन्यात पीठ चाळत बसले होते तर मुलगी म्हणाली, "आई, हे काय गुणगुणतेयस?" मला पत्ताच नव्हता मी काही गुणगुणतेय त्याचा. ती आईची चाल होती. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत ती चाळणी घेऊन बसली की तोंडातल्या तोंडात हेच चालायचं, शब्द नाहीत, नुसतं हुं हुं, तीन-चार सुरांत जरा वर जायचं आणि खाली यायचं आणि आता संपलं असं वाटलं की परत पहिल्यापासून. मी भोरला मावशीला फोन लावला आणि फोनवरच म्हणून दाखवलं. ती थोडा वेळ काही बोललीच नाही, मग म्हणाली, "अगं ही जात्यावरची, आमच्या आईची."

लालबागला जातं कुठलं आलंय, इथे दळण कायम गिरणीत. म्हणजे ओव्या गेल्या, जातं गेलं, आणि चाल तेवढी आईसोबत एसटीत बसून मुंबईला आली. नंतर मी हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून जमवलेल्या ओव्या ऐकल्या, एक लाखाच्या वर आहेत, पारी या ग्रामीण भारतावरच्या वेबसाइटवर बऱ्याच ऐकायला मिळतात. अगदी आईचीच चाल नाही सापडली पण तिच्या बहिणी शोभतील अशा कितीतरी सापडल्या, आणि प्रत्येकीच्या खाली ती जात्याची घरघर.

तुमच्याकडे अशी कुठली चाल आहे का जी सोडतच नाही? लोकगीत, भजन, परदेशातलं, काहीही चालेल. कुठे ऐकलीत आणि तेव्हा काय चाललं होतं तेही लिहा, मला तेच जास्त वाचायचंय.

(गोरेगाव)
आरेतल्या एका पाड्यावर मित्राकडे गेलो होतो, भातकापणी होऊन गेलेली. अंधार पडल्यावर एका काकांनी तारपा काढला. चित्रात लाख वेळा बघितलेला, मध्ये तारपेवाला आणि भोवती माणसांचं वेटोळं, पण आवाज पहिल्यांदाच ऐकला. सुकवलेला भोपळा, बांबू आणि ताडाचं पान, एवढ्यातून येणारा तो जाड, थोडा नाकातला सूर, आणि तो तुटतच नाही. गालात हवा धरून वाजवता वाजवता नाकाने श्वास घेत राहतात त्यामुळे मध्ये जागाच सुटत नाही. मी आपला कुठे थांबतंय त्याची वाट बघतोय आणि ते पुढेच. तारपेवाला वळला की रांग वळते, चाल बदलली की पाय बदलतात, कोणी कोणाला काही सांगत नाही. लांबून हायवेच्या गाड्यांचा आवाज येत होता, थोड्या वेळाने तो ऐकू यायचाच बंद झाला. घरी येऊन झोप लागली नाही, डोळे मिटले की तो सूर सुरू.

(मुलुंड)
सकाळच्या लोकलमधलं भजनी मंडळ. टाळ असतात, बाकी ठेका डब्याच्या पत्र्यावर. आमच्या डब्यात एक काका होते, ते शेवटी भैरवी घ्यायचे, तीही दादर यायच्या आत संपवायची असायची कारण अर्धं मंडळ तिथे उतरणार. काका रिटायर झाले. आजही सायनला गाडी स्लो झाली की माझ्या कानात ती भैरवी वाजते.

(घाटकोपर)
माझी चाल आर्मेनियातली आहे. वडील आयसीयूत होते, सतरा दिवस. बाहेरच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर रात्र काढायची, आत सोडत नाहीत, कोणी काही धड सांगत नाही. एका रात्री हेडफोन लावून काहीतरी शांत शोधत होतो तर दुदुक लागलं. जर्दाळूच्या लाकडाची, फुंकून वाजवायची आखूड नळी म्हणा, सनईच्या जातीचीच पण सनईसारखी लख्ख नाही, आवाज असा की कोणीतरी खूप रडून झाल्यावर बोलतंय. पहिल्याच फुंकरीला माझं धरून ठेवलेलं सगळं सुटलं. समोरच्या बाकावरच्या मावशींनी काही न विचारता पाण्याची बाटली पुढे केली.

नंतर वाचलं की दुदुक सहसा जोडीने वाजवतात. एक जण चाल वाजवतो आणि दुसरा फक्त एक सूर धरून बसतो, पूर्ण वेळ, त्याला दम म्हणतात. दम! आपल्याकडे सनईत मागे सूर देणारा असतो तसंच. मी त्या दुसऱ्या माणसाचा फार विचार करतो. बाबा बरे होऊन घरी आले, आता चालतात फिरतात, पण ती धून मी त्यांना अजून ऐकवू शकलेलो नाही. लावतो आणि बंद करतो.

(विलेपार्ले)
मी गाणं शिकवते म्हणून एक भर घालते. लालबागच्या ताईंनी लिहिलंय ना की संपतंय वाटलं की परत पहिल्यापासून, त्यातच सगळं आहे. चाल घरी पोचली की कान मोकळा होतो. जी पोचत नाही ती मागे लागते. मारवा घ्या, सूर्य बुडतानाचा राग. रे कोमल, मध्यम तीव्र, पंचम नाहीच, आणि गाणारा षड्जावर टेकायचं टाळत राहतो. तंबोरा खाली सा देतोय आणि गळा त्याच्या आसपास फिरतोय पण बसत नाही. कान ताटकळतो. माझ्या विद्यार्थिनींना मी मारवा पहिल्यांदा खिडकीजवळ बसवून ऐकवते, दिवे न लावता. ओवीतही तेच बघा, जात्याचा फेरा थांबत नाही तोवर चालीला शेवट नसतो, दळण संपलं की ओवी संपते. फक्त दुःखी सुरांनीच चाल मनात राहते असं मला नाही वाटत, भूप रागातलीसुद्धा राहते.

(गिरगाव)
धोबीतलावला गोव्याच्या लोकांचे कूड आहेत, जेर महालमध्ये वगैरे, बोटीवर जाणारे तरवटी गावाच्या नावाने चालणाऱ्या खोल्यांत राहायचे. आमच्या शेजारचे अंकल तसेच आलेले, नंतर इथेच संसार केला. ख्रिसमसला त्यांच्याकडे मांडो व्हायचा. व्हायोलिन आणि घुमट, म्हणजे मातीचं मडकं, त्याला पूर्वी घोरपडीचं कातडं लावायचे, आता बकरीचं. मांडो फार संथ, झुलत झुलत जाणारा, लग्नातला प्रकार असूनही त्यात ताटातूट इतकी भरलेली असते की मला लहानपणी वाटायचं यांच्याकडे कोणीतरी गेलंय. मग लगेच दुलपद लागायचं, वेगात, सगळे हसायला लागायचे. मला मात्र त्या आधीच्यातून बाहेर यायला वेळ लागायचा. अंकल गेले तेव्हा घरात कोणीतरी व्हायोलिनवर एकच मांडो वाजवला, घुमटाशिवाय. आमचा अख्खा मजला गॅलरीत उभा होता.

(परळ)
अण्णाभाऊ साठ्यांची मैनेची छक्कड, म्हणजे शाहिरी गाणं. संयुक्त महाराष्ट्राच्या काळातली. गावाकडे बायको सोडून मुंबईत आलेल्या माणसाची तळमळ, आणि मैना म्हणजे महाराष्ट्राबाहेर राहिलेला बेळगाव-कारवारचा मुलूख पण. बाबा गिरणीत साचे खात्यात होते, म्हणजे मागावर. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखाच्या आसपास गिरणी कामगार बाहेर, त्यात बाबा. नंतर ते परत कधी साच्यावर गेलेच नाहीत. मोठ्याने गाणारा माणूस, गणपतीत शाहिरी करणारा, पण संपानंतर शब्द बंद. संध्याकाळी दारात बसून नुसती चाल, हाताने उंबऱ्यावर ठेका. लोक ती छक्कड जोशात म्हणतात, डफ-तुणतुण्यावर, अंगावर काटा येतो. मी ती तशी ऐकूच शकत नाही. माझ्या लेखी ती एकदम हळू आहे.

(माहीम)
गायिका केसरबाई केरकर. १९७७ साली व्हॉयेजर यानं अंतराळात सोडली त्यांत सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे, तिच्यावर त्यांची भैरवी आहे, जेमतेम साडेतीन मिनिटांची. त्याच वर्षी त्या मुंबईत वारल्या. मी रात्री वरळी सीफेसला बसून ती ऐकते, भाबडेपणा म्हणा, पण वर बघूनच ऐकते. त्याच तबकडीवर वाल्या बाल्कान्स्का या बल्गेरियन बाईंचं एका बंडखोरावरचं लोकगीत आहे, मागे पखालीसारख्या वाद्याचा न थांबणारा सूर आणि वर या बाईंचा उघडा डोंगरी आवाज. भाषेतलं अक्षर कळत नाही. तरी एकदा ऐकून बघाच, आणि भैरवीच्या पाठोपाठ ऐका.

(लालबाग)
सगळ्यांचं दोन-दोनदा वाचलं. घाटकोपरच्या दादांचं वाचून खूप रडले.

शनिवारी भोरला जाऊन आले. मावशीला म्हटलं म्हण, मी रेकॉर्ड करते. तिने दोन-तीनदा सुरुवात केली आणि म्हणाली, "नाही गं येत, हात रिकामे आहेत." मग भावाने माळ्यावरचं जातं खाली काढलं, पुसलं, खुंटा ठोकून बसवला. ज्वारी घेतली दोन मुठी. एक फेरा झाला, दुसरा झाला आणि तिसऱ्याला मावशीचा आवाज आला, शब्दांसकट. आईचं लग्न होऊन ती मुंबईला गेली त्यावर आजीने जोडलेली ओवी होती त्यात, आईचं नाव घालून. पीठ डब्यात भरून आणलंय. भाकरी अजून केली नाही.