बर्फ कमी, म्हणून धोका कमी?
लातूरच्या दादांचा प्रश्न: गुलमर्गला बर्फ कमी असेल तर हिमस्खलनाची भीतीही कमी ना? नाही दादा, बऱ्याचदा उलटंच होतं. थर पातळ असला की जमिनीची ऊब आणि वरची कडाक्याची थंडी यांत 10 सेंटीमीटरला 1 अंशाहून जास्त फरक पडतो. तळाचा बर्फ ज्वारीच्या कण्यांसारखा मोकळा होतो, मुठीत गोळा होत नाही. त्यावर नवा बर्फ साचला की 30 ते 45 अंशांच्या उतारावरचा बर्फ सुटून घसरू शकतो.

उतार तपासायचा तर बर्फात खड्डा खणून 30 बाय 30 सेंटीमीटरचा बर्फाचा खांब कापा. वर फावडं ठेवून मनगटातून 10, कोपरातून 10, खांद्यातून 10 थापा मारा. पहिल्या दहांतच थर सपाट सटकला तर तो उतार सोडाच. टिकला, तरी तेवढ्यावर विसंबू नका.