'स्टॉप' लिहिल्यावर थांबायचं बंधन राजकीय पक्षांना का नसावं?

पेन्सिल्व्हेनियाकर

अमेरिकेतल्या रोजच्या कटकटी लिहायला बसलो तर रात्र पुरणार नाही. कॉफीचा कप आपणच काउंटरवरून उचलायचा, तरी वीस-पंचवीस टक्के टिप मागणारा पडदा आपल्याकडे वळवला जातो. वर्षातून दोनदा घड्याळ फिरवायचं, मग भारताशी असलेलं साडेनऊ तासांचं अंतर साडेदहा होतं आणि आईबाबांच्या फोनची वेळ चुकते. हे सगळं मी सोसतो. राजकीय देणग्या मागणारे मेसेज मात्र मला सोसवत नाहीत. त्यांच्याबद्दल इथे नीट वाद व्हावा म्हणून हा धागा.

नागरिकत्वाची शपथ घेतली आणि अभिमानाने मतदार म्हणून नाव नोंदवलं. फॉर्मवर फोन नंबर ऐच्छिक असतो, तो मी लिहिलाही नव्हता. पण मतदार यादी प्रचारवाल्यांना मिळते, आणि यादीतल्या नावाला नंबर जुळवून देणं हा इथे धंदा आहे. निवडणूक जवळ आली की जेवताना, मीटिंगमध्ये, पोराच्या शाळेच्या कार्यक्रमात फोन थरथरत असतो. आज रात्री बारापर्यंत पैसे दिले नाहीत तर लोकशाही बुडणार, असं दोन्हीकडचे सांगतात. मार्च, जून, सप्टेंबर आणि डिसेंबरअखेर देणग्यांच्या तिमाही हिशेबाची खरी मुदत असते, हे मान्य. पण यांची मुदत रोज रात्री संपते! वर 'तुमच्या दहा डॉलरवर ७०० टक्के मॅच', म्हणजे कुणी दाता त्यात सातपट भर घालणार. कायद्याने एका माणसाला एका उमेदवाराला एका निवडणुकीसाठी २०२५-२६ मध्ये ३,५०० डॉलरच देता येतात. मग लाखो लोकांच्या रकमेच्या सातपट भरणारा हा दाता कोण, हे त्या मेसेजात कधीच लिहिलेलं नसतं.

दुकानदार असं करू शकत नाही. २००३ मध्ये 'डू नॉट कॉल' यादी सुरू झाली, ती विक्रीच्या फोनपुरती. राजकीय फोन तिच्या बाहेर. त्याच वर्षी ईमेलच्या स्पॅमविरुद्ध कायदा झाला, तोही व्यापारी ईमेलपुरता. मोबाइलवर संमतीशिवाय यंत्राने फोन किंवा मेसेज करायचा नाही हा १९९१ चा कायदा पक्षांनाही लागू आहे. त्यातून काढलेली वाट अशी की प्रत्येक मेसेजला एका माणसाने बटण दाबायचं, मग ते 'यंत्र' ठरत नाही. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेसबुक विरुद्ध ड्युगिड खटल्यात यंत्राची व्याख्या आणखी आक्रसली, आणि ही वाट रुंद झाली.

मेसेजला उत्तर म्हणून 'स्टॉप' लिहिलं की प्रचाराचे पैसे गोळा करणारी ती एक समिती थांबते. तोवर नंबर भाड्याने पुढच्या पाच समित्यांकडे पोचलेला असतो. पुण्यात गणपती मंडळाची पोरं वर्गणीला यायची, पावती फाडायची आणि पुढच्या भाद्रपदापर्यंत दारात दिसायची नाहीत. इथे पावती फाडली की आणखी पाच मंडळं दारात उभी.

माझी मागणी एवढीच: एकदा नको म्हटलं की तो नंबर विकायला किंवा भाड्याने द्यायला कायद्याने बंदी हवी.

मिशिगनवाली

असहमत. असे मेसेज पाठवणाऱ्यांपैकी मी एक आहे, म्हणून दुसरी बाजू मांडते.

आमच्या गावात शाळा मंडळाची निवडणूक असते. टीव्हीवर जाहिरात देण्याइतके पैसे आमच्याकडे कधीच नसतात. प्रत्येक घरी पोस्टकार्ड पाठवायचं तर छपाई आणि टपालातच सगळी वर्गणी संपते. मेसेजला काही सेंट लागतात. संध्याकाळी मुलं झोपली की आम्ही चौघी-पाच जणी लॅपटॉप घेऊन बसतो आणि एकेक बटण दाबतो. तुम्ही ज्याला पळवाट म्हणता ती आमच्यासारख्यांची एकमेव वाट आहे.

आणि देणगी मागण्यात लाज कसली? २०१६ मध्ये अध्यक्षपदाच्या शर्यतीत बर्नी सँडर्स यांनी सरासरी २७ डॉलरच्या देणग्यांवर मोहीम चालवली. सामान्य माणसाकडे मागायचं नाही तर मग कुणाकडे, अब्जाधीशाकडे? २०१० च्या सिटिझन्स युनायटेड निकालानंतर त्यांना स्वतंत्रपणे हवा तेवढा खर्च करायची मुभा आहेच. त्यांना तुमचा फोन नंबर लागतच नाही. नंबरांवर बंदी आली की आम्ही मरू, ते नाही.

पेन्सिल्व्हेनियाकर

ताई, तुमच्या शाळा मंडळाच्या मेसेजला मी उत्तर दिलं असतं. मतदान कुठे आहे, उमेदवाराचं म्हणणं काय, हे सांगायला कुणाची हरकत आहे? आठशे मैलांवरच्या सिनेट उमेदवाराने मला 'आमची निराशा केलीत' म्हणून पैसे मागावेत, याला हरकत आहे. मी नको म्हटल्यावर त्याने माझा नंबर दुसऱ्याला द्यावा, याला तर जास्तच.

टेक्सास_वेटिंग

माझा नंबर आधी कुणा आजींचा होता. त्या मोठ्या दानशूर असणार, कारण त्यांच्या नावाने मला रोज मेसेज येतात: तुमचं सदस्यत्व संपलंय, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती, शेवटची संधी. मी एच-१बी वर आहे. ग्रीन कार्ड नसलेल्या परदेशी माणसाने अमेरिकेच्या कुठल्याही निवडणुकीला एक डॉलर दिला तरी तो कायद्याचा भंग आहे. ग्रीन कार्डवाल्यांना मत नसलं तरी देणगी देता येते, आम्हाला तीही नाही. पाठवणाऱ्याला माझा व्हिसा ठाऊक नाही, हे समजतं. पण नव्याने आलेला कुणी पोरगा 'देऊन टाकू पाच डॉलर' म्हणून देऊन बसला तर? कंपनीत माझ्या शेजारी बसणाऱ्या एकाला मी अगदी वेळेवर थांबवलं. तेव्हा ही गोष्ट नुसत्या कटकटीची नाही.

फ्लोरिडाची सून

टेक्सास_वेटिंग यांच्याशी १०० टक्के सहमत. मिशिगनवाली, तुम्ही प्रामाणिकपणे काम करता याबद्दल शंका नाही, पण तुमच्या त्याच वाटेने कोण कोण घुसतं ते पाहा.

माझ्या सासऱ्यांनी एका मेसेजवरून २५ डॉलर दिले. पानावर 'दर महिन्याला कापा' या चौकोनात आधीच खूण होती. त्यांना वाटलं पावतीचा भाग असेल. ते कार्डाचं बिल बघत नाहीत, त्यामुळे बरेच महिने कुणाच्या लक्षात आलं नाही. वर त्यांनाच अपराधी वाटतंय, घरात कुणाला सांगू नका म्हणतात. ऐंशीच्या घरातल्या माणसाला असं खजील व्हावं लागतं, याचा मला फार राग येतो.

हे एकट्यादुकट्याचं नाही. २०२० च्या निवडणुकीत ट्रम्प यांच्या मोहिमेने अशीच आधी केलेली खूण वापरली, पुढे तर दर आठवड्याला पैसे कापण्याची. त्या मोहिमेला आणि पक्षाच्या संबंधित समित्यांना मिळून १२ कोटी डॉलरच्या वर रक्कम देणगीदारांना परत करावी लागली. डेमोक्रॅटिक पक्षाच्या समित्यांनीही अशी खूण वापरलेली आहे. २०२१ मध्ये निवडणूक आयोगाने एकमताने अमेरिकी काँग्रेसला शिफारस केली की याला बंदी घाला. त्या आयोगात दोन्ही पक्षांची माणसं असतात आणि त्यांचं एकमत क्वचित होतं, तरी याच्यावर झालं.

कलम

फसवणूक वेगळी आणि बोलणं वेगळं. चौकोनातल्या खुणेवर बंदी घाला, मी पाठिंबा देईन. पण मूळ धाग्यातली मागणी धोक्याची आहे.

पेन्सिल्व्हेनियाकर म्हणतात की माहिती चालेल, पैसे मागणं नको. सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच शॉमबर्ग खटल्यात सांगितलंय की देणगी मागणं हाही संरक्षित अभिव्यक्तीचा भाग आहे, कारण मागणारा मागताना आपला विचारही सांगत असतो. राजकीय बोलण्याला तर पहिल्या घटनादुरुस्तीचं, म्हणजे अभिव्यक्ती स्वातंत्र्याच्या कलमाचं, सर्वांत जास्त संरक्षण. मिसुरीतल्या लाडू नावाच्या उपनगराने घरांवरच्या पाट्यांना बंदी घातली होती. एका बाईंनी आखाती युद्धाविरुद्ध खिडकीत कागद लावला आणि १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालय एकमताने त्यांच्या बाजूने उभं राहिलं. शेजाऱ्यांना ती पाटी डोळ्यांत खुपत असणारच. एकदा सरकारला 'त्रासदायक राजकीय बोलणं' ठरवायचा अधिकार दिलात की तो अधिकार सत्तेतला पक्ष विरोधकांवरच वापरणार. आपण ज्या देशातून आलो तिथे हे पाहिलेलं नाही का?

पेन्सिल्व्हेनियाकर

कलम, तुमचा मुद्दा वजनदार आहे, म्हणून उत्तरही खटल्यानेच देतो. १९७० चा रोवन विरुद्ध पोस्ट ऑफिस. आपल्याला कामुक वाटणाऱ्या जाहिराती घरी येऊ नयेत म्हणून नागरिकाने टपाल खात्याला कळवायचं, मग पाठवणाऱ्याने त्याचं नाव यादीतून काढायचं, आणि ते नाव असलेली यादी दुसऱ्याला द्यायचीही नाही, असा कायदा होता. पाठवणारे अभिव्यक्ती स्वातंत्र्याच्या नावाने न्यायालयात गेले आणि हरले. कामुक काय हे सरकारने ठरवायचं नव्हतं, तो निर्णय सर्वस्वी घरमालकाचा. न्यायालय म्हणालं, नको असलेलं कुणाच्या घरात ढकलायचा हक्क कुणालाच नाही.

मला नेमकं हेच हवंय. कुठलं बोलणं त्रासदायक हे सरकारने ठरवू नये, माझ्या फोनबद्दल मी ठरवीन. लाडूच्या बाईंनी स्वतःच्या खिडकीत कागद लावला होता, शेजाऱ्याच्या दिवाणखान्यात नाही.

नागपूरकर

भाऊ, तुमचं सारं खरं, पण मूळ दुखणं मेसेज नाही. तुमच्याकडे निवडणूक संपतच नाही, हे आहे. प्रतिनिधीगृहाची मुदत दोन वर्षं, म्हणजे निवडून आला की दुसऱ्या दिवशी पुन्हा पैसे गोळा करणं सुरू. ट्रम्प यांनी २० जानेवारी २०१७ ला शपथ घेतली आणि त्याच दिवशी २०२० च्या निवडणुकीचे कागद दाखल केले. ब्रिटनमध्ये २०२४ ला २२ मे रोजी निवडणूक जाहीर झाली, ४ जुलैला मतदान झालंही. आमच्याकडे मतदानाच्या आधी ४८ तास प्रचार बंद. लोकसभेच्या उमेदवाराला मोठ्या राज्यात ९५ लाखांची खर्चमर्यादा. भोंगा रात्री दहाला बंद म्हणजे बंद. त्रास होतो, पण त्याला शेवटची तारीख असते.

कलम

नागपूरकर, ती ९५ लाखांची मर्यादा उमेदवाराला आहे, पक्षाला नाही. आणि ती खरोखर पाळली जाते असं तुम्ही नागपुरात बसून म्हणताय याचं आश्चर्य वाटतं. अमेरिकेत खर्चावर मर्यादा घालता येत नाही हे १९७६ पासून बकली खटल्याने ठरलेलं आहे. प्रचाराचा कालावधी कायद्याने आखडणं तर इथल्या न्यायालयात दोन दिवस टिकणार नाही.

नागपूरकर

पाळली जाते असं म्हणालोच नाही. मर्यादा आहे म्हणून निदान तक्रार तरी करता येते. तुमच्याकडे तक्रार करायला नियमच नाही.

पहाटेचा_गजर

तुम्ही कायदा मागताय, पण सगळ्यांना नकोशा असलेल्या गोष्टीवरही तिथे काही होत नाही. घड्याळ फिरवणं बंद करायचं विधेयक सिनेटने मार्च २०२२ मध्ये एकाही विरोधाशिवाय मंजूर केलं. प्रतिनिधीगृहाने ते पटलावरही घेतलं नाही. मग स्वतःच्या तिजोरीला चाट लावणारा कायदा ते कशाला करतील? उलट २०२२ मध्ये आपल्या ईमेल स्पॅममध्ये का जातात म्हणून रिपब्लिकन राष्ट्रीय समिती गुगलविरुद्ध न्यायालयात गेली. दावा २०२३ मध्ये फेटाळला गेला, पण त्यांची मनोवृत्ती यातून कळते. आपला ईमेल लोकांना नको असेल, ही शक्यता त्यांना सुचतच नाही.

मिशिगनवाली

घड्याळाचं उदाहरण मला पटत नाही. १९७४ मध्ये वर्षभर उन्हाळी वेळ, म्हणजे घड्याळ तासभर पुढे, ठेवून पाहिली होती. हिवाळ्यात मुलं काळोखात शाळेला निघू लागली, लोक चिडले आणि त्याच वर्षी निर्णय फिरवला. घाईने केलेला लोकप्रिय कायदा नेहमी बरा असतो असं नाही.

फ्लोरिडाच्या सूनबाईंच्या सासऱ्यांबद्दल वाचून मात्र मला वाईट वाटलं. आमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत मी ठराव मांडणार आहे की मतदानानंतर नंबरांची यादी कुणालाही, अगदी आमच्याच पक्षाच्या राज्य समितीलाही, द्यायची नाही. राज्य समितीला ते आवडणार नाही. पण हे प्रत्येक गटाने आपणहून करावं. कायद्याची सक्ती आली की वकील ठेवायला पैसे लागतील, ते मोठ्यांकडे आहेत, आमच्याकडे नाहीत.

पेन्सिल्व्हेनियाकर

ठरावाबद्दल मनापासून आभार, मंजूर झाला तर इथे जरूर कळवा. सक्तीच्या मुद्द्यावर मी अजूनही असहमत. आपणहून यादी रोखणारा गट तुमचाच असेल, आणि ज्यांचा खर्चच यादी भाड्याने देऊन निघतो ते ती देतच राहतील. लहान गटांना वकिलाचा भार नको असेल तर ठरावीक संख्येपेक्षा कमी नंबर असलेल्यांना सूट द्या, त्याला माझी तयारी आहे. ३ नोव्हेंबर २०२६ च्या मिडटर्मसाठी, म्हणजे अध्यक्षाच्या मुदतीच्या मध्यावरच्या निवडणुकीसाठी, आमच्या भागातले उमेदवार दारावर येतील तेव्हा दोन्ही पक्षांच्या माणसांना मी हेच विचारणार आहे. नंबर न देता.

टेक्सास_वेटिंग

तोवर कामाचं: नको असलेला मेसेज ७७२६ वर पुढे पाठवा, फोन कंपनीला कळतं. आजींच्या नावाने येणारे मेसेज मी तसेच पाठवतो. आणि एच-१बीवाल्यांनो, मेसेज कितीही कळवळ्याचा असला तरी लिंक उघडू नका.