फेटलिंगच्या कामगारांसाठी कोणता मास्क घ्यावा?

प्रश्न (लहान फौंड्रीचालक, शिरोली एमआयडीसी):
आमच्याकडे फेटलिंग (ओतीव भाग घासून साफ करणे) आणि शेकआउट (वाळूचा साचा फोडून ओतीव भाग बाहेर काढणे) मिळून अकरा माणसे आहेत व त्यांना सध्या कापडी मास्क दिले जातात. दुकानदार एन९५ सुचवतो, तर ऑडिटला आलेले गृहस्थ एफएफपी२ हवा म्हणतात. या दोहोंत फरक काय, आणि तोच मास्क कोअर शॉपमध्ये (साच्यात ठेवायचे वाळूचे गाभे बनवतात तिथे) चालेल का?

उत्तर १ (सुरक्षा अधिकारी):
एन९५ ही अमेरिकी श्रेणी आहे आणि एफएफपी२ युरोपीय. पहिल्याने चाचणीत किमान ९५ टक्के, दुसऱ्याने ९४ टक्के कण अडवावे लागतात, त्यामुळे तुमच्या कोरड्या धुळीपुरता हा वाद निरर्थक आहे. आपल्याकडील मानक आयएस ९४७३ असून तो क्रमांक आणि श्रेणी मास्कवर छापलेली नसेल, तर तो घेऊ नये. कापडी मास्क मात्र आजच बंद करावेत, कारण वाळूतील सिलिकाचे जे कण फुफ्फुसात खोलवर उतरून सिलिकोसिस करतात ते डोळ्यांना दिसतही नाहीत आणि एकदा झालेली हानी भरून येत नाही. शेकआउटला त्याहून वरच्या श्रेणीचा एफएफपी३ द्यावा, असे माझे मत आहे.

उत्तर २ (फेटलिंग सुपरवायझर, गोकुळ शिरगाव):
मास्क चेहऱ्याला घट्ट बसला नाही, तर छापील आकडा कागदावरच राहतो. पाळी सुटल्यावर मी मास्क उलटा करून पाहतो. नाकाच्या कडेला आतून काळी रेघ दिसली, की धूळ तिथूनच शिरली असे समजावे. बहुधा नाकावरची पट्टी एका हाताने चिमटलेली असते. ती दोन्ही हातांच्या बोटांनी दाबावी लागते. कानात अडकवायच्या मास्कपेक्षा डोक्यामागून दोन पट्टे जाणारा घ्यावा. दाढीवर तर कोणताच मास्क बसत नाही. आमच्या एका कामगाराला दाढी काढायची नव्हती, म्हणून त्याला पंख्याने गाळलेली हवा देणारा हूड दिला. महाग पडला, पण इलाज नव्हता.

उत्तर ३ (सुरक्षा अधिकारी):
कोअर शॉपचे राहिले. गाभ्याची वाळू बांधणाऱ्या रेझिनच्या आणि ते कडक करणाऱ्या अमाइनच्या वाफा धुळीच्या मास्कमधून सरळ आरपार जातात. तेथे रसायनाप्रमाणे निवडलेले, वाफ शोषणारे कार्ट्रिज लावायचा रबरी हाफ मास्क लागतो आणि त्याआधी वाफ ओढून घेणारा एक्झॉस्ट. रेझिनसोबत आलेले सुरक्षा माहितीपत्रक पाहिल्याशिवाय कार्ट्रिज सांगता येणार नाही.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. आज सुट्टीच्या वेळी मास्क उलटे करून पाहिले, अकराही काळे निघाले. माहितीपत्रक स्टोअरमध्ये सापडले आहे, उद्या येथे टाकतो.